सिनेमातलं भूत आणि घरातलं दुःख: एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. वडील जाऊन दहा महिने झाले. तेव्हापासून तुम्ही रात्री, आई झोपल्यावर, मोबाइलवर भुताचे सिनेमे बघता. ‘द बाबाडूक’ दोनदा बघितला. यातलं भूत म्हणजे दुःख, नैराश्य, असं जिकडंतिकडं वाचलं आणि ते तुम्हाला पटलं. मित्र म्हणतो, ‘भावा, घाबरवायला काढलेला पिक्चर आहे, त्यात कसलं डोंबलाचं दुःख शोधतोस?’ आत्या म्हणतात, माणूस जाऊन वर्ष झालं नाही तोवर घरात असलं काही बघू नये. आणि तुम्ही विचारताय की हा अर्थ लावणं बरोबर आहे, की मी आपली स्वतःचीच समजूत घालतोय? शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे: संध्याकाळी सातच्या सुमारास आईला फाटकाशी वडिलांच्या स्कूटरचा आवाज येतो, ती उठून फाटक उघडायला जाते, आणि गाडी तर आम्ही दिवाळीतच विकली.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. माणूस गमावलेली कुटुंबं हा त्यातला मोठा भाग. सिनेमाची आवड जुनी, त्यामुळे पेशंटबरोबर सिनेमावर बोलणं आपोआप होत गेलं. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या पत्रात प्रश्न तीन आहेत. सिनेमाचा असा अर्थ लावावा का, तुमचं हे रात्रीचं बघणं ठीक आहे का, आणि आईचं काय. तुम्ही पहिल्याला पानभर दिलंय आणि तिसऱ्याला एक वाक्य. मी मात्र तिसऱ्यापर्यंत पोचायलाच पहिले दोन घेणार आहे. (पुढं काही सिनेमांचे शेवट सांगितलेत. बघायचे असतील तर तेवढं सांभाळा.)

‘बाबाडूक’पासूनच सुरुवात करू. २०१४चा ऑस्ट्रेलियन सिनेमा, दिग्दर्शिका जेनिफर केंट. अमेलिया बाळंतपणासाठी नवऱ्याबरोबर हॉस्पिटलला निघालेली असते, वाटेत अपघात होतो आणि नवरा जातो. मुलगा जन्मतो. म्हणजे मुलाचा वाढदिवस आणि बापाचं वर्षश्राद्ध एकाच तारखेला. मुलगा सात वर्षांचा होत आला तरी त्याचा वाढदिवस त्या दिवशी कधी साजरा झालेला नाही. नवऱ्याचं सगळं सामान तळघरात कुलपात आहे, आणि मुलगा तिथं गेला की आई चिडते. हे सगळं आपल्याला भूत यायच्या आधीच कळलेलं असतं. म्हणून इथं दुःखाचा अर्थ लावला तर तो बाहेरून चिकटवलेला वाटत नाही. सिनेमाच्या पायातच तो आहे. तुम्ही स्वतःची समजूत घालत नाही आहात, एवढं मी खात्रीनं सांगते.

पण ‘भूत म्हणजे दुःख’ हे वाक्य अर्धवट आहे, आणि बहुतेक लोक तिथंच थांबतात. गणिताचं उत्तर मिळालं की वही मिटावी तसं. सिनेमावर गप्पा होतात तेव्हा भूत कशाचं रूपक आहे हे मी विचारतच नाही. मी विचारते, या भुतामुळे घरातल्या माणसांना काय काय करता येत नाही? अमेलियाच्या घरात नवऱ्याचं नाव निघत नाही. वाढदिवस होत नाही. झोप नाही. पोटच्या पोराला जवळ घेववत नाही, आणि ते कुणाला सांगवतही नाही. ही यादी माझ्या खोलीत बसलेली माणसं रोज सांगतात, फक्त तुकड्या-तुकड्यानं. यादी जुळली की रूपक जुळलं. जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नये. ‘तुंबाड’मधला हस्तर म्हणजेसुद्धा नैराश्यच, असं मध्यंतरी एकानं मला फार हिरिरीनं पटवलं. अहो, तिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं सोन्याच्या मोहरेपायी विहिरीत उतरतायत. तो लोभ आहे. लोभाला लोभच म्हणावं.

शेवटाकडं नीट बघा, कारण मला कामाचा भाग तो वाटतो. बाबाडूक मरत नाही. तो तळघरात राहतो. अमेलिया वाडग्यात गांडुळं घेऊन खाली जाते, तो अंगावर येतो, ती हादरते, पण त्याला शांत करते आणि वाडगं ठेवून वर येते. वर अंगणात मुलाचा वाढदिवस चाललेला असतो, पहिल्यांदाच खऱ्या तारखेला. म्हणजे काय बदललं? दुःख गेलं नाही. पण तळघरात कधी जायचं आणि किती वेळ थांबायचं, हे आता ती ठरवते. आधी घर त्याच्या ताब्यात होतं, आता त्याला घरात एक जागा आहे. ‘अजून किती दिवस हे असं?’ असं मला लोक विचारतात तेव्हा मनात या शेवटासारखंच काहीतरी असतं, जरी मी त्यांच्यापुढं गांडुळांचा विषय काढत नसले तरी.

याच सिनेमावर दुःखाच्या पाच पायऱ्या बसवलेले लेखही तुम्ही वाचले असतील: आधी नकार, मग राग, आणि शेवटी स्वीकार. त्या पायऱ्या एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. प्रत्यक्षात कुणी असा जिना चढत नाही. मला जास्त उपयोगी वाटतं ते श्ट्रोबे आणि श्कुट यांचं १९९९चं मांडणं: शोकातला माणूस दोन टोकांत ये-जा करत असतो. कधी गेलेल्या माणसाकडं, कधी वीजबिल, नोकरी, किराणा याकडं. ही ये-जा चालू असणं म्हणजेच बरं चाललंय. कुठल्याही एका टोकाला अडकणं हा त्रास. अमेलिया सात वर्षं दुसऱ्या टोकाला अडकून होती, म्हणून पहिलं टोक जिना चढून वर आलं.

आता दुःख आणि नैराश्य. तुम्ही दोन्ही शब्द एका दमात लिहिलेत, सगळेच लिहितात. फ्रॉइडनं १९१७ साली छापलेल्या एका निबंधात यांतला फरक सांगितला होता, तो आजही कामी येतो. शोकात जग रिकामं वाटतं. विषण्णतेत आपण स्वतःच रिकामे, नालायक वाटायला लागतो. शोक लाटेसारखा येतो, मधेच माणूस एखाद्या विनोदाला हसतो आणि मग हसल्याबद्दल त्यालाच चोरट्यासारखं होतं. नैराश्यात अशी उघडीप नसते. पेशंट सांगतात, ‘मॅडम, रडूसुद्धा येत नाही हो.’ दोन्ही एकत्र असू शकतात, आणि शोक चालू आहे म्हणून नैराश्याचं निदानच करायचं नाही, हा जुना नियम अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदानाच्या अधिकृत पुस्तकातून २०१३ साली काढलाय.

सिनेमात हा फरक कसा दिसतो? माझा अनुभव असा की दुःखाच्या भुताला चेहरा असतो. ते कुणाचं तरी असतं, त्याला काहीतरी हवं असतं. नैराश्याच्या भुताला चेहरा बऱ्याचदा नसतोच. घरच बदलतं. उजेड कमी होतो, माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात, जेवण ताटात गार होतं. हे बघायचं असेल तर ‘भूतकालम’ बघा, २०२२चा मल्याळम सिनेमा, राहुल सदाशिवन यांचा. आई शाळेत शिक्षिका, नैराश्यावर औषधं चालू. मुलगा शिकून घरी बसलेला, नोकरी नाही, दारूकडं वळलेला. आजी जाते आणि घरात काहीतरी सुरू होतं. आईला वाटतं मुलाचं डोकं फिरलंय, मुलाला वाटतं आईचा जुना आजार उफाळलाय, आणि दोघंही आपल्याला दिसलेलं एकमेकांपासून लपवतात. रेवती यांना या आईसाठी केरळ सरकारचा पुरस्कार मिळाला, आणि तो का मिळाला ते स्वयंपाकघरातली त्यांची पाठ बघूनही कळतं. गंमत म्हणजे शेवटी सिनेमा सांगतो की भूत खरंच आहे. रूपकवाल्यांची पंचाईत! मला ते आवडतं. घरातलं मौन हा आजारही होता आणि भुताची सोयही होती. दोघं एकमेकांवर विश्वास ठेवतात तेव्हाच बाहेर पडायची वाट दिसते.

इथं तुमच्या मित्राच्या बाजूनंही बोलायला हवं. तो अगदीच चूक नाही. भुताचा सिनेमा आधी घाबरवतो आणि मग जमलं तर काही सांगतो. हल्ली उलटं चाललंय. प्रत्येक भुताच्या गळ्यात ‘मी तुमचा बालपणीचा आघात आहे’ अशी पाटी असते, दिग्दर्शक मुलाखतीत तेच सांगतो, आणि पहिल्या वीस मिनिटांत सगळं कळतं. मग भीती वाटत नाही आणि दुःखही पोचत नाही. मला तर जांभया येतात.

काही रूपकं मात्र अपायकारक असतात, तेही सांगून टाकते. २०१६चा ‘लाइट्स आउट’ घ्या. आईला जुना मानसिक आजार, आणि भूत तिच्याच आधारानं टिकलेलं. शेवटी आई स्वतःला संपवते आणि मुलं वाचतात. नैराश्याचं रूपक म्हणून हे वाचलं तर निघणारा अर्थ भयंकर आहे: आजारी माणूस नसलं की घर सुखी. या शेवटावर तेव्हा टीकाही झाली. नैराश्यात माणसाला नेमकं हेच वाटत असतं, ‘मी ओझं आहे, मी नसले तर यांचं बरं होईल.’ आजाराचंच म्हणणं सिनेमानं खरं करून दाखवलंय. म्हणून म्हणते, रूपक जुळतं का एवढ्यावर थांबू नये. त्या रूपकानं माणसाला कुठं नेऊन सोडलं, तेही बघावं.

आता जरा आपल्या मातीतलं. परदेशी सिनेमांनी भुताला अर्थ दिला असं समजू नका. आपल्याकडच्या भुतांची नावं आठवा. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. इच्छा अडकून राहिली, तो समंध. प्रत्येक नावामागं मरण कुठं अर्धवट राहिलं ते सांगितलेलं आहे, आणि ज्या मरणाचं समाधान घरच्यांना करता आलं नाही तीच नेमकी यात आहेत. नव्वदीला गेलेल्या, नातवंडं-पतवंडं बघितलेल्या आजीचं भूत झालेलं फारसं ऐकू येत नाही.

पंचगंगेच्या घाटावर दहाव्याला कधी नीट उभं राहून बघितलंय? पिंड मांडलेला असतो, कावळे पलीकडं झाडावर असतात आणि खाली उतरत नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग कुजबुज सुरू होते. ‘कशात जीव अडकला असंल?’ कुणीतरी पुढं होऊन हात जोडून मोठ्यानं म्हणतं, ‘धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत.’ तरी कावळा येत नाही. मग दुसरा, ज्याचं जमिनीवरून वाकडं होतं तो भाऊ, घसा खाकरून म्हणतो, ‘बांधाचं मी बघतो, वाद घालत नाही.’ कावळ्याला काय कळतं हा माझा विषय नाही. मला दिसतं ते असं की अख्खं घर चारचौघांत उभं राहून गेलेल्याची अपुरी इच्छा काय होती याचा अंदाज बांधतं, आणि एरवी मेलं तरी निघालं नसतं असं एखादं वाक्य बाहेर पडतं. चांगला भुताचा सिनेमा दोन तासांत हेच करतो. भूत काय मागतंय हे कळेपर्यंत ते जात नाही.

मात्र एक पथ्य आहे. आपल्याकडं ही गोष्ट सगळ्यांसाठी रूपक नसते. कुणाच्या अंगात येतं, कुणाला नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या दारात आणलेलं असतं. त्या बाईला ‘हे रूपक आहे’ असं सांगणं म्हणजे उद्धटपणा. मी पहिल्या दिवशी वाद घालत नाही. कधी येतं, कोण येतं, आल्यावर काय बोलतं, एवढं विचारते. सासू अंगात आल्यावर एरवी खाली मान घालून वावरणारी सून नवऱ्याला काय काय सुनावते, ते ऐकलं की निम्मं कळतं. पण याला मर्यादाही आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी, हे महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हे आहेत. तिथं श्रद्धेचा मान वगैरे मी बघत नाही.

इथवरचं थोडक्यात: तुमचा अर्थ बरोबर आहे, पण भूत काय अडवून धरतंय ते विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही, आणि शोक व नैराश्य यांत फरक ठेवायचा. आता तुमच्याकडं येते.

रात्री एकट्यानं भुताचे सिनेमे बघणं वाईट का? हे सिनेमा संपल्यावर काय होतं यावर आहे. माणूस गेल्यावर शरीर बरेच दिवस धास्तावलेलं असतं. छातीत धडधड, पोटात खड्डा, कारण काही दिसत नाही. भुताचा सिनेमा त्या धडधडीला दोन तासांपुरतं कारण देतो आणि मग ते संपवून दाखवतो. दुःखाला असा शेवट नसतो. म्हणून अनेकांना शोकात विनोदी सिनेमा सहन होत नाही, भुताचा होतो. यात विचित्र काही नाही. सिनेमा संपला, डोळे पुसले, झोप लागली, सकाळी कामाला गेलात, तर बघा खुशाल. पण एक संपला की दुसरा, तीन वाजले, सकाळी उठवत नाही, आठवड्यात चौथी रजा, असं असेल तर सिनेमा तुम्हाला दुःखाकडं नेत नाहीये, त्याच्यापासून लपवतोय. तुम्ही वेळ लिहिली नाहीत, म्हणून ठरवायचं तुमच्यावर सोडते.

जागरणानं आणखी एक होतं. पहाटे जाग येते, डोळे उघडे, अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. स्वप्नाच्या झोपेत शरीर मुद्दामच सैल पडलेलं असतं, आणि कधी कधी मेंदू आधी जागा होतो, अंग मागून. अपुरी झोप झाली की हे वाढतं. असं झालं तर सिनेमाला किंवा आत्यांच्या म्हणण्याला बोल लावू नका, आधी झोपेची वेळ सुधारा. आत्यांचं म्हणणं मी एवढ्यापुरतं मानते: आधीच ताणलेल्या घराला रात्री आणखी ताण देऊ नये. सुतकात करमणूक वर्ज्य ठेवणाऱ्यांना तेवढं कळत होतं.

सिनेमाचा मी उपयोग कसा करते, त्याचं एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक मुलगा, थोरला भाऊ अपघातात गेलेला. बोलायचाच नाही. ‘बाबाडूक’ मात्र त्यानं बघितला होता, आणि मोबाइलवर एका जागी थांबवून मला दाखवला: तळघर, आणि तिथं ठेवलेले नवऱ्याचे कपडे. ‘इथं मला पुढं बघवत नाही.’ मी सिनेमाविषयी काही बोललेच नाही. विचारलं, ‘तुमच्या घरी काय ठेवलंय?’ बराच वेळ गेला. मग, ‘दादाचा रेनकोट. दाराच्या मागं.’ पावसाळा सरून हिवाळा आला तरी त्या खिळ्यावरून कुणी तो हलवला नव्हता. दार पूर्ण उघडायचं नाही, रेनकोट मधे यायचा, तरी सगळे अंग चोरून आत-बाहेर करायचे. पुढची कितीतरी बोलणी त्या रेनकोटावरच झाली. कुणी ठेवला, कुणाला काढायचाय, कुणाला काढवत नाही. पुढच्या पावसात तो घालून तो गंगावेशीत दूध आणायला गेला. खांद्याला फाटलेला होता, त्यामुळे भिजला, आणि आईनं आल्यावर बोलणी घातली. त्या घरात दादाच्या वस्तूवरून झालेलं ते पहिलं साधं, रोजचं भांडण.

म्हणून तुम्हालाही विचारते. दोनदा बघितलात, कुठल्या जागी थांबलात? कुठं मागं नेऊन पुन्हा बघितलं? सिनेमाचा अर्थ काय यापेक्षा ती जागा कुठली, हे मला जास्त सांगून जाईल.

आणि आता आई. स्कूटरचा आवाज. आधी घाबरू नका. डेवी रीस नावाच्या वेल्समधल्या डॉक्टरनं १९७१ साली छापलेला एक अभ्यास आहे. जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी तो बोलला. जवळजवळ निम्म्यांना गेलेला माणूस जवळ असल्याचं जाणवलेलं होतं, काहींना दिसलं होतं, काहींना आवाज आला होता. बहुतेकांनी हे कुणाला सांगितलेलंही नव्हतं, आणि अनेकांना त्याचा आधार वाटत होता. म्हणजे रोज ठरल्या वेळी येणारा माणूस त्या वेळी ‘ऐकू येणं’ यावरून आईला वेड लागलंय असं काही ठरत नाही. आईनं हे तुम्हाला सांगितलं, ही उलट चांगली खूण आहे.

मी असते तर या गोष्टी बघितल्या असत्या. वडील गेले हे आईला ठाऊक आहे का, फाटक उघडून परत आल्यावर ती काय म्हणते? आवाज आल्यानं तिला बरं वाटतं की धास्ती वाटते? आवाज तिला काही करायला सांगतो का? जेवण, झोप, शेजारपाजार, देवदर्शन, जे आधी होतं त्यातलं काय उरलंय? ‘माझ्यामुळे गेले’, ‘मी गेले असते तर बरं झालं असतं’ असं बोलते का? शेवटच्याचं उत्तर हो असेल, किंवा आवाज हुकूम सोडत असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, जेवण तुटलं असेल, तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. दहा महिने हा आकडा मात्र डोक्यात धरून बसू नका. लांबलेल्या शोकाचं निदान आता अधिकृत आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत किमान सहा महिने म्हटलंय आणि अमेरिकेच्या पुस्तकात वर्ष, आणि दोन्हीकडं अट आहे की त्या समाजात जे रीतीचं मानतात त्यापेक्षा ते जास्त असायला हवं. आपल्याकडं वर्षश्राद्धापर्यंत घर शोकातच धरतात. नुसत्या दिवसांवरून तुमच्या आईला कुठलंच नाव चिकटत नाही.

घरात तिच्याशी कसं बोलायचं? ‘आई, तो भास आहे’ म्हणू नका, तिला ते माहीत आहे. ‘बाबाच आले असतील’ असंही म्हणू नका, ते तुम्हाला खरं वाटत नाही हे तिला कळेल. ‘आज आली का गाडी?’ एवढं विचारा आणि त्या वेळी शक्य असेल तर घरी असा. बाबा सातला आल्यावर घरात काय व्हायचं, चहा कोण टाकायचं, पिशवी कुठं ठेवली जायची, हे तिच्याकडून ऐका. तुमचं बोलणं रूपकाकडं नेऊ नका. तिला चहाकडंच राहू द्या. १९७३च्या ‘डोन्ट लुक नाउ’मध्ये पोटची मुलगी गेलेलं एक जोडपं आहे. आईला एक आंधळी बाई सांगते की मुलगी सुखात आहे, आणि आई सावरायला लागते. बाप ते सगळं झूट म्हणतो आणि मग स्वतःच लाल कोटातल्या एका आकृतीमागं व्हेनिसच्या गल्ल्यांत धावत सुटतो. एकाच घरातली दोन माणसं एकाच मरणाचा शोक दोन तऱ्हांनी करतात, आणि ज्याला आपण फार समंजस आहोत असं वाटतं तोच कधी कधी जास्त भरकटलेला असतो. तुम्ही मध्यरात्री पडद्यावर भूत शोधता आणि आई सातला फाटकाशी जाते. मला यात फार अंतर दिसत नाही.

एक गोष्ट मला तुमच्या त्या शेवटच्या वाक्यात खटकली, ती विचारूनच टाकते. ‘गाडी तर आम्ही दिवाळीतच विकली.’ हे आम्ही कोण? विकताना आईला विचारलं होतं का? कदाचित विचारलं असेल आणि ती ‘विका की’ म्हणाली असेल, पण कशी म्हणाली हे तुम्हाला आठवेल. वडील जाऊन थोडेच दिवस झाले होते, पहिली दिवाळी, दारातली गाडी गेली. आवाज दिवाळीच्या आधीपासून येत होता की नंतर सुरू झाला, हे आईला सहज, घाई न करता विचारा. नंतर असेल तर बोलायचा विषय सापडला म्हणून समजा, आणि तो अवघड असला तरी भुताचा नाही, तुम्हा दोघांमधला आहे.

आईला ‘बाबाडूक’ दाखवू का, असंही तुम्ही विचारलंय. नको. त्यात आई पोटच्या पोराच्या जिवावर उठते, घरातला कुत्रा मारते. तिच्या या दिवसांत ते बघायची गरज नाही. बरोबर बसून बघायचंच असेल तर वडिलांना आवडणारा एखादा जुना मराठी सिनेमा लावा, अर्धा बघून उठली तरी चालेल.

मदत लागली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. प्रत्यक्ष दाखवायचं तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, खाजगी डॉक्टरही गावात पुष्कळ आहेत. आई ‘मला काय वेड लागलंय का’ म्हणणार, हे धरून चाला. झोप लागत नाही, त्यासाठी दाखवू म्हणा, आणि ती खरंच लागत नसेल तर ते खोटंही नाही. पहिल्या भेटीला सोबत जा, पण निम्मा वेळ बाहेर बसा. तुमच्यासमोर ती तुम्हाला सांभाळूनच बोलणार.